सव्वा महिन्यानंतरची बाळंतीण

(मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला कामाचा अहवाल द्यायला सांगितले आहे. किती पाड्यांना भेटी दिल्या, किती जणींना तपासणीला नेले, हे आकडे आपल्या हातातल्या पत्रकात आहेत. ते वाचून दाखवण्यात आपला वेळ घेत नाही. त्याऐवजी एकाच दुखण्याविषयी बोलणार आहे. हे दुखणे पोटात बाळ असताना पुष्कळदा शांत होते आणि बाळ मांडीवर आले की परत येते. या मधल्या काळात काय घडते ते घरच्यांना कळत नाही, मंडळीला कळत नाही, आणि दोष मात्र त्या बाईच्या माथी बसतो.

मी डॉक्टर नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन सेवेत आले. सातपुड्याच्या पाड्यांवर फिरता फिरता आशाताई, परिचारिका आणि डॉक्टर यांच्याकडून शिकत गेले. कोणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण डॉक्टरांपर्यंत कोणी कधी जायचे, हे मात्र आपल्यासारख्यांच्या लक्षात आले पाहिजे.

हे दुखणे म्हणजे आमवात. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वात वेगळा. आमवात ऐन तरुणपणातही येतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त होतो. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक व्यवस्था आहे, तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. घरची राखण करणारा कुत्रा घरच्याच माणसांना चावू लागावा, तशी ही व्यवस्था या आजारात आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटांचे, मनगटांचे, पायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी उठल्यावर अर्धा तास, तासभर, कधी त्याहून जास्त वेळ मूठ वळत नाही. वेळेवर औषध मिळाले नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात.

अशा बाईला दिवस गेले की पुष्कळदा एक नवल घडते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून सूज उतरू लागते, सकाळचे आखडणे कमी होते, हात हलका होतो. पूर्वी समजत की चारपैकी तिघींना असा आराम पडतो. अलीकडच्या काटेकोर अभ्यासांत हे प्रमाण सुमारे ६० टक्के आढळले आहे. म्हणजे सगळ्यांना नाही, पण निम्म्याहून अधिक जणींना.

या गोष्टीकडे नीट लक्ष देणारा एक डॉक्टर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये होता. त्याचे नाव फिलिप हेंच. १९२९ मध्ये त्याने पाहिले की सांधे धरलेल्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि तेवढ्या काळात त्याचे सांधे मोकळे झाले. पुढे गरोदर स्त्रियांमध्येही त्याला तेच दिसले, आणि १९३८ मध्ये त्याने ते लिहून प्रसिद्ध केले. त्याने विचार केला, शरीर स्वतःच असे काहीतरी तयार करत असले पाहिजे की ज्याने हा आजार शांत होतो. एडवर्ड केंडाल या रसायनशास्त्रज्ञाच्या साथीने त्याचा शोध सुरू राहिला. सप्टेंबर १९४८ मध्ये आमवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे द्रव्य टोचले गेले, आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडाल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्यांना स्टेरॉइड म्हणतो त्या औषधांच्या मुळाशी अशा गरोदर बायकांचे निरीक्षण आहे. बाया जे सांगत होत्या ते एका डॉक्टराने खरे मानले, म्हणून हे घडले.

पुढे कळले की कॉर्टिसोन हे याचे एकमेव उत्तर नाही. गरोदरपणात शरीरातली ही द्रव्ये वाढतात हे खरे, पण सगळा आराम त्यांचाच नसतो. मूळ कोडे निराळेच आहे. बाळाचा अर्धा वारसा आईचा, अर्धा बापाचा. म्हणजे आईच्या रोगप्रतिकारशक्तीच्या नजरेने बाळ अर्धे परकेच. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले तर शरीर ते नाकारू पाहते, मग बाळाला नऊ महिने कसे सांभाळते? हा प्रश्न पीटर मेडावर या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये मांडला.

त्याचे उत्तर थोडे थोडे उलगडत आले आहे. बाळ आणि आई यांच्यामध्ये वार असते. वारेच्या बाहेरच्या पेशी परकेपणाच्या नेहमीच्या खुणा अंगावर ठेवत नाहीत, उलट शांततेची खूण दाखवतात. आईच्या रक्तात लढणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. रक्तातल्या प्रतिपिंडांना साखरेच्या कणांची लहान शेपटे असतात. गरोदरपणात त्या शेपटांची घडण बदलते आणि प्रतिपिंडांचा जाच कमी होतो. हे सगळे होते बाळाला जागा देण्यासाठी. त्याच तहात आईचे सांधेही सुटतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे दिसले होते की आई आणि बाळ यांच्या पेशींवरच्या काही खुणा जितक्या निराळ्या, तितका आईला आराम अधिक. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसे आढळले नाही. तेव्हा हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही.

एक गैरसमज इथेच दूर करते. गरोदर बाईची प्रतिकारशक्ती बंद पडते असे नाही. तिचे वळण बदलते. ती आपले प्रतिपिंड वारेतून बाळाला देत असते, म्हणूनच गरोदरपणी धनुर्वाताची लस दिली की ती बाळालाही राखते. पण काही आजार मात्र याच काळात जास्त जड जातात. फ्लू जड जातो. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते. एका जातीच्या मलेरियाचे जंतू तर वारेतच ठाण मांडून बसतात. म्हणून गरोदर बाईला मच्छरदाणी आणि उकळलेले पाणी पहिल्यांदा मिळाले पाहिजे, मग घरातल्या इतरांना.

आता बाळंतपणानंतरचे. वार पडली की तो तह संपतो. आवर घालणारी व्यवस्था मागे हटते, प्रतिपिंडांची शेपटे पूर्वीसारखी होतात. आमवात असलेल्या जवळपास निम्म्या जणींचे दुखणे बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत पुन्हा उसळते, आणि तेही बहुधा पहिल्या तीन-चार महिन्यांत. एवढेच नाही. ज्यांना आधी कधीच आमवात नव्हता, अशा काही जणींचा आजारही पहिल्यांदा याच काळात डोके वर काढतो.

आपली रीत आठवा. बाळंतिणीला सव्वा महिना जपायचे. शेक, शेगडी, खिरी, डिंकाचे लाडू, पाहुणे, प्रार्थना, सारे सव्वा महिन्यात. पाड्यांवरच्या पुष्कळ जणींना तेवढेही मिळत नाही, पण रीत म्हणून ती सर्वांना ठाऊक आहे. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटीसुद्धा ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या असतात. त्यानंतरची भेट तिसऱ्या महिन्यात, तीही बाळाची वाढ पाहायला. म्हणजे घरच्यांची, मंडळीची आणि व्यवस्थेची नजर आईवरून हटते, आणि नेमके त्याच सुमारास हे दुखणे दारात येऊन उभे राहते.

एका बाईची हकिकत सांगते. नाव आणि पाडा सांगत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिचे हात सुजू लागले. मोठ्या दवाखान्यात निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या संपल्या तशा बंद झाल्या, कारण जायला-यायला एक दिवस आणि दोन माणसांचे भाडे लागत होते. मग दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात ती अगदी मोकळी झाली. पाण्याचे हंडे आणू लागली. मंडळीत उभी राहून तिने साक्ष दिली की प्रभूने मला बरे केले. सगळ्यांनी देवाची स्तुती केली.

बाळ दोन महिन्यांचे झाले आणि हात पुन्हा धरले. आम्ही गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि बाळाला सासूने तिच्या छातीशी धरले होते. ती मला म्हणाली, "ताई, पोटात होतं तोवर हात माझे होते. आता पोरगी रडते आणि मला उचलता येत नाही."

नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली होती. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, हे आपल्याला माहीत आहे. ती गेली नाही तर अर्धाच कोयता, आणि उचल तर पुरी घेतलेली. घरात बोलणी सुरू झाली. गरोदर असताना हंडे वाहत होती, आता कामाचे नाव काढले की हात दुखतात. मंडळीतही कुजबूज होती. साक्ष दिली होती ना? मग आता काय झाले? विश्वास कमी पडला का? ती उपासनेला यायची थांबली. सांध्यांपेक्षा ते बोलणे तिला जास्त लागले होते.

बंधूंनो, भगिनींनो, जन्मतः आंधळ्या माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने तो प्रश्नच मान्य केला नाही. आपणही तो मान्य करू नये. तिला पाचव्या महिन्यात आलेला आराम खरा होता. तिची साक्ष खोटी नव्हती. देवाने आईच्या शरीरात ठेवलेली ती सोय होती, आणि ती बाळासाठी होती. बाळ बाहेर आल्यावर ती संपली, यात शिक्षा नाही आणि विश्वासाची उणीवही नाही. प्रार्थना करणाऱ्यांनीच हे मोठ्याने सांगायला हवे, कारण आपण सांगितले तर घरचे ऐकतात.

त्या बाईला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. अंगावर पाजताना चालतील अशी औषधे पुन्हा सुरू झाली. महिना-दीड महिन्याने ती बाळाला उचलू लागली. त्या वर्षी ती ऊसतोडीला गेली नाही आणि उचल फिटली नाही, ते कर्ज घरावर राहिले. सगळेच सुरळीत झाले असे मी आपल्याला सांगणार नाही. पण तिची बोटे वाकडी झाली नाहीत, आणि ती पुन्हा उपासनेला येते.

आणखी एक बोलणे मी पाड्यांवर ऐकले आहे. गरोदरपणात दुखणे जाते ना, मग होऊ दे आणखी एक मूल. हा उपाय नाही. आराम नऊ महिन्यांचा, तोही प्रत्येकीला नाही, आणि नंतरची उसळी पुन्हा तिलाच सोसायची. आधीच रक्त कमी असलेल्या अंगावर पाठोपाठची बाळंतपणे लादून सांधे बरे होत नाहीत. अशा बाईने पाळणा लांबवणे हेच तिच्या आणि लेकरांच्या हिताचे आहे. पुढचे मूल हवे असेल तेव्हा आधी आजार आटोक्यात आणून, डॉक्टरांशी बोलून मग ठरवावे.

डॉक्टरांशी आधी बोलण्याला आणखी एक कारण आहे. आमवाताचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जीव जाऊ शकतो. चिठ्ठी वाचता न येणाऱ्या घरी हे दहा वेळा सांगावे लागते, गोळीचा वार कॅलेंडरवर खूण करून द्यावा लागतो. हे औषध पोटातल्या बाळाला घातक आहे, म्हणून दिवस राहण्याच्या काही महिने आधी डॉक्टर ते बंद करतात. लेफ्लुनोमाइड हेही तसेच, ते अंगातून काढून टाकावे लागते. उलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालतात. कमी मात्रेचे प्रेडनिसोलोनही चालते. म्हणजे गरोदर राहिली की सगळीच औषधे टाकून द्यायची, हे चुकीचे. आणि बाळंतीण झाली की औषधासाठी बाळाचे दूध तोडायचे, हेही बहुतेक वेळा गरजेचे नसते.

दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांपासून सावध राहा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या पाचव्या महिन्यानंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. शेवटच्या तीन महिन्यांत तर नकोतच, कारण त्या बाळाच्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. बाजाराच्या दिवशी पुडीत बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत सूज उतरते म्हणून लोकांचा त्यांवर विश्वास बसतो. जास्त दिवस घेतल्या की हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि एकदम बंद केल्या तर वेगळाच धोका उभा राहतो. गोळीला नाव नसेल तर ती घेऊ नये, एवढे साधे सूत्र आम्ही बायांना सांगतो.

प्रत्येक सांधेदुखी आमवात नसते, हेही लक्षात असू द्या. आपल्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. त्यातही हाडे आणि सांधे असह्य दुखतात, पण गरोदरपणात ते दुखणे उलट वाढू शकते, आणि आई व बाळ दोघांनाही धोका असतो. २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे, त्यात तपासणी होते. ती प्रत्येक तरुण मुलीची झालेली असावी. चिकुनगुन्या होऊन गेल्यावरही महिनोन्महिने सांधे दुखतात. आणि ल्युपस नावाचा आमवाताच्या जवळचा एक आजार आहे, तो गरोदरपणात शांत होईलच असे नाही, कधी भडकतो. म्हणून आपण निदान करायचे नाही. आपण फक्त वेळेवर पोहोचवायचे.

मग आपण नेमके काय करायचे? आमच्या गटाने एक सोपी पद्धत धरली आहे. बाळाच्या लसी ६, १० आणि १४ व्या आठवड्यात असतात. ज्या काळात आईचे दुखणे परतते तोच हा काळ. आई लसीसाठी अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात येतेच. त्या तीन दिवशी आमची एक बहीण तिथे असते आणि आईला तीन प्रश्न विचारते. सकाळी मूठ पूर्ण वळते का? उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? बाळाला दोन्ही हातांनी उचलता येते का? हातांना सूज असेल किंवा आखडणे अर्ध्या तासाहून जास्त असेल, तर नाव लिहून घ्यायचे आणि तिला लवकरात लवकर डॉक्टरांकडे न्यायचे. बाळंतरोग आहे, वारे लागले आहे, आपोआप जाईल, असे म्हणून महिने घालवायचे नाहीत. जिचा आमवात आधीपासून माहीत आहे, तिच्यासाठी तर सातव्या महिन्यातच विचारून ठेवायचे की बाळंतपणानंतर कोणती औषधे, कधीपासून.

यासाठी आपल्याकडून तीन गोष्टी मागते. पहिली, दोन माणसांचे प्रवासभाडे. औषध सरकारी रुग्णालयात मिळाले तरी तिथपर्यंत जायला पैसे लागतात, आणि ओली बाळंतीण बाळ घेऊन एकटी जाऊ शकत नाही. दुसरी, हाताला हात. शहरातल्या बहिणी पाड्यावर येऊ शकणार नाहीत हे मला कळते. पण तुमच्या देणगीतून त्याच पाड्यावरच्या एखाद्या बाईला दोन महिने रोज देता येतो. ती पाणी भरील, लाकडे आणील, बाळाला न्हाऊ घालील. तिसरी गोष्ट पैशांची नाही. तुमच्या स्वतःच्या मंडळीतही बाळंतिणी आहेत. सव्वा महिना झाला की त्यांची नावे प्रार्थनेच्या यादीतून काढू नका. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या घरी एकदा जा. बाळाला घ्या, त्याचे कौतुक करा, आणि मग आईकडे वळून विचारा, "तुझे हात कसे आहेत?"

आमच्या भागातल्या टोळ्या दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. पावसाळ्यात बाळंत झालेल्या बायांची यादी आम्ही आत्ता तयार करत आहोत. टोळ्या निघण्याआधी त्यांतल्या प्रत्येकीचे हात एकदा पाहून व्हावेत, एवढा आमचा या तिमाहीचा संकल्प आहे. त्यासाठी आपली प्रार्थना, आपला वेळ आणि आपले दान हवे आहे.

देवबाप आपणा सर्वांना आशीर्वादित करो. जय ख्रिस्त.